244 मधला तो एक शनिवार

मार्क म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण त्याशिवाय जिम स्टाइन्स हा माणूस कळायचा नाही आणि मला त्याच्याबद्दलच लिहायचंय.

ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथे सगळे नुसतं फुटी म्हणतात. आपल्या क्रिकेटच्याच ओव्हल ग्राउंडवर खेळतात, एका बाजूला अठरा जण, चेंडू लांबट, तो हातात घेऊन पळायचं पण दर पंधरा मीटरला एकदा जमिनीला टेकवायचा किंवा आपटायचा, पास द्यायचा तर फेकायचा नाही, मुठीने ठोसा मारून द्यायचा नाहीतर लाथेने. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून किक गेली की 6 गुण, बाजूच्या फटीतून गेली की 1. आणि कुणीतरी लांबून मारलेली किक हवेतच झेलली की तो झाला मार्क. झेलणाऱ्याला मग निवांत किक मारायला मिळते, समोरच्या संघाचा एक जण त्या जागेवर (त्या जागेलाही मार्कच म्हणतात) हात वर करून उभा राहतो, आणि त्या दोघांच्या मधून कुणीही आडवं जायचं नाही. फ्री किक मिळाली तरी तेच. कुणी गेलंच तर किक मारणाऱ्याला उचलून पुढे आणतात. आता पन्नास मीटर आणतात, 1987 साली पंधरा होते.

त्या पंधरा मीटरची ही गोष्ट.

मी मेलबर्नला आलो फेब्रुवारी 2012 मध्ये, मास्टर्स करायला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून थेट. हे शहर मला माहीत होतं ते फक्त एमसीजीमुळे, म्हणजे पहाटे पाचला उठून, गोधडी पांघरून, टीव्हीचा आवाज बारीक ठेवून बघितलेली बॉक्सिंग डे टेस्ट. 1999 ला सचिनने तिथे 116 केले तेव्हा मी शाळेत होतो. तर त्याच ग्राउंडवर हिवाळाभर दुसराच कुठलातरी खेळ चालतो आणि या शहराचा जीव खरं तर त्यात अडकलाय हे मला इथे आल्यावर कळलं. (गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तोच क्रिकेटपटूंसाठी. 1858 ला टॉम विल्स नावाच्या क्रिकेटरने पत्र लिहून सुचवलं की थंडीत आपल्या पोरांचं अंग जड होऊ नये म्हणून काहीतरी सुरू करूया, आणि पुढच्या वर्षी मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले.)

27 मार्च 2012, मंगळवार. मी फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनमधून बाहेर पडलो आणि समोर फेडरेशन स्क्वेअरला ही गर्दी. मोठ्या स्क्रीनवर काहीतरी लाइव्ह चाललेलं, पण मॅच नव्हती. लोक गप्प उभे. सूट घातलेले, कामगारांची पिवळी जाकिटं घातलेले, शाळेच्या गणवेशातली पोरं. रस्त्यापलीकडे सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये कुणाचातरी अंत्यविधी चालला होता आणि तो इथे दाखवत होते. मला वाटलं पंतप्रधान वगैरे गेले की काय. शेजारी एक म्हातारबाबा होते, गळ्यात लाल-निळा स्कार्फ, त्यांना हळूच विचारलं, कोण गेलं?

त्यांनी नाव सांगितलं. मला काही बोध झाला नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार, म्हणून त्यांनी ओळख करून दिली. आणि ती ओळख करून देताना त्यांनी पदक सांगितलं नाही, क्लबचा अध्यक्ष होता ते सांगितलं नाही. म्हणाले, सत्याऐंशी साली हा मार्कवरून आडवा पळाला आणि आम्ही फायनलला गेलो नाही. एवढं बोलून डोळे पुसायला लागले.

मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो. ज्याने तुमची फायनल घालवली त्याच्यासाठी तुम्ही पंचवीस वर्षांनी भर रस्त्यात रडताय. आमच्या गावात हे असं होत नाही. आमच्याकडे एकदा नाव पडलं की पडलं.

माझंही पडलं होतं. दहावीत होतो, तालुक्याच्या टुर्नामेंटची फायनल, टेनिस बॉल, शेवटच्या ओव्हरमध्ये लाँगऑनला अगदी हातातला झेल, उंचावरून आलेला, मी खाली नीट आलेलो, आणि तो सुटला, आणि सुटून बाउंड्रीला गेला. त्या संध्याकाळपासून मी गळक्या. गळक्या म्हणजे गळक्या हातांचा. शाळेत गळक्या, एसटी स्टँडवर गळक्या, किराणा दुकानात पुडी हातात देताना दुकानदार म्हणायचा, धर रे नीट. कुणाच्या मनात वाईट नसायचं बहुतेक. पण मी परत ग्राउंडवर गेलो नाही. मित्र दोन-तीन महिने हाक मारायला यायचे, चल की लेका, अकरावा कमी पडतोय, आणि मी म्हणायचो अभ्यास आहे. मग हाका बंद झाल्या. बॅट आईने कधीतरी चुलतभावाला देऊन टाकली.

त्यामुळे त्या दिवशी घरी येऊन मी पहिलं काय केलं असेल तर तो आडवं पळण्याचा व्हिडिओ शोधला.

आता स्टाइन्सचं सांगतो. डब्लिनचा पोरगा, जन्म 23 एप्रिल 1966, सहा भावंडांत थोरला. गेलिक फुटबॉल खेळायचा. तो आयर्लंडचा स्वतःचा खेळ, चेंडू गोल, पंधरा-पंधरा जण, आणि पैसे नाहीत, सगळे हौशी, आपल्या परगण्यासाठी खेळतात. 1984 ला डब्लिनचा ज्युनिअर संघ ऑल-आयर्लंड जिंकला त्यात हा होता. त्याच सुमाराला मेलबर्न क्लबला एक कल्पना सुचली होती. क्लब जुना, पण 1964 नंतर विजेतेपद तर सोडाच, फायनल्सचं, म्हणजे मोसमाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांचं, तोंडसुद्धा बघितलेलं नाही. कोच होते रॉन बरासी, 64 च्या विजेत्या संघाचे कॅप्टन, या खेळातलं मोठं प्रस्थ. त्यांचं म्हणणं असं की गेलिक फुटबॉलवाली पोरं उंच आहेत, पळतात, हवेतला चेंडू झेलतात, लाथेने मारतात, मग त्यांना लांबट चेंडू शिकवायला कितीसा वेळ लागणार? तिथल्या पेपरात जाहिरात दिली, या, शिष्यवृत्ती देतो, कॉलेज शिका, फुटी खेळा. लोक त्याला आयरिश एक्सपेरिमेंट म्हणतात. त्या प्रयोगात हा अठरा वर्षांचा, 199 सेंटिमीटर उंचीचा पोरगा नोव्हेंबरच्या आसपास विमानात बसला, ज्या खेळासाठी चाललाय तो खेळ आयुष्यात एकदाही न खेळता.

हे वाचलं तेव्हा मला माझं एअरपोर्ट आठवलं. मी निदान इंग्लिश आणि कोडिंग घेऊन आलो होतो, जे इथे चालतं हे मला माहीत होतं. त्याने जे आणलं होतं ते इथे अर्धंच चालत होतं. गोल चेंडू कसाही मारला तरी साधारण कुठे जाईल ते कळतं, लांबट चेंडू टोकावर पडला तर कुठे उसळेल ते त्यालाच माहीत. पहिलं वर्ष अंडर नाइन्टीन, मग खालच्या लीगमध्ये प्रॅहरन नावाच्या क्लबकडे पाठवलं, तिथे घासला. आणि 1987 ला मुख्य संघात आला. सुरुवातीला संघात आत-बाहेर, मग मोसमाच्या अठराव्या राउंडपासून पक्का.

नेमकं त्याच वर्षी मेलबर्न क्लब तेवीस वर्षांनी फायनल्सला पोचला. शेवटच्या काही मॅचेस ओळीने जिंकत, धापा टाकत पोचला. दोन नॉकआउट जिंकले. आणि 19 सप्टेंबर, शनिवार, वेव्हर्ली पार्कला प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे आपली सेमी, समोर हॉथॉर्न. जिंकलं की ग्रँड फायनल.

इथे एक माणूस मध्ये आणायलाच हवा, त्याच्याशिवाय या चुकीचं वजन कळत नाही. रॉबी फ्लॉवर. मेलबर्नचा कॅप्टन, सडपातळ, बघून वाटणार नाही की हा असा धसमुसळा खेळ खेळतो, आणि त्याच्या पिढीतला सगळ्यात देखणा खेळाडू. 1973 पासून याच एका क्लबला. पंधरा मोसम, 272 मॅचेस, आणि सगळी कारकीर्द पडेल संघात. पंधराव्या, शेवटच्या वर्षी पहिल्यांदा फायनल्स बघितल्या त्याने. विरोधी संघांचे लोकसुद्धा मनातून म्हणत होते की या माणसाला एकदा ग्रँड फायनल मिळू दे.

मेलबर्न बराच वेळ पुढे होतं. वारा होता, किक भरकटत होत्या, 1-1 गुणांच्या बऱ्याच मारल्या आणि त्या पुढे महागात पडल्या. शेवटची काही सेकंदं राहिली तेव्हा मेलबर्न चार गुणांनी पुढे आणि चेंडू हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराकडे, किक त्याची, पण अंतर साधारण पंचावन्न मीटर. तिथून पोचणं अवघड. एवढ्यात स्टाइन्स, हॉथॉर्नच्या एका खेळाडूच्या मागे लागलेला, त्याच्यावर नजर ठेवून पळत आला आणि बकनारा आणि मार्कवरच्या माणसाच्या बरोब्बर मधून आडवा गेला. शिट्टी. पंधरा मीटर. पंचावन्नाचे झाले चाळीस. सायरन वाजला, वेळ संपली, पण किक मारायचा हक्क शिल्लक होता, आणि बकनाराने ती सरळ मधोमध घातली.

हॉथॉर्न 80, मेलबर्न 78.

मी तो व्हिडिओ कितीदा बघितला असेल सांगता येणार नाही. त्यात मला दर वेळी हेच दिसतं की तो पोरगा काम करतोय. आळस नाही, बेफिकिरी नाही. गेलिकमध्ये तेव्हा मार्क नावाचा प्रकारच नव्हता, तिथे आपला माणूस सोडायचा नाही, मागे लागायचं. एकवीस वर्षांच्या आयुष्यात जे अंगात मुरलं होतं ते शेवटच्या सेकंदाला वर आलं, आणि तीन वर्षांत शिकलेला नवा नियम तेवढ्या क्षणापुरता खाली गेला. हा माझा अंदाज, पण परक्या देशात काम करणाऱ्या कुणालाही हा अंदाज लगेच पटेल. दमलो, घाबरलो, घाई झाली की आतून मराठीच येतं. ऑफिसात एकदा रात्री दोनला सिस्टिम बंद पडली तेव्हा मी कॉलवर चक्क मराठीत बोलायला लागलो होतो आणि पलीकडे सगळे शांत.

फ्लॉवरची ती शेवटची मॅच ठरली. ग्रँड फायनल त्याला कधीच मिळाली नाही.

आता यापुढे काय? आमच्या गावच्या हिशेबाने स्टाइन्सचं नाव पडलेलं आहे, संपला विषय. तो सतरा हजार किलोमीटर लांबून आलेला, घर तिकडे, परत गेला असता तर कुणी शब्द काढला नसता. आणि पुढच्या वर्षीचंही ऐका. 1988 ला मेलबर्न खरोखरच ग्रँड फायनलला गेलं, समोर परत हॉथॉर्न, आणि 96 गुणांनी हरलं. म्हणजे परतफेड वगैरे काही झाली नाही. सिनेमात झाली असती. त्याच्या अख्ख्या करिअरमध्ये एकही विजेतेपद नाही.

जे झालं ते असं की तो पुढच्या शनिवारी आला. आणि त्याच्या पुढच्या. आणि येतच राहिला. 1987 च्या अठराव्या राउंडपासून 1998 पर्यंत मेलबर्नची एकही मॅच त्याने चुकवली नाही, ओळीने 244. हा लीगचा विक्रम होता, 2025 ला कॉलिंगवुड क्लबच्या जॅक क्रिस्पने मोडेपर्यंत.

हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी समजत होतो की चुकीनंतर त्याने मोजायला सुरुवात केली, प्रायश्चित्तासारखं. मग एका रात्री बसून मोसम मोजले, फायनल्स धरून, आणि लक्षात आलं की ती मालिका चुकीच्या आधी काही आठवडे सुरू झालीय. म्हणजे वेव्हर्लीची ती मॅच 244 च्या बाहेर नाहीये. ती आतच आहे. सातवी-आठवी असेल. तिला वेगळं काढून ठेवलं तर विक्रमच मोडतो. हे कळल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो, खूप वेळ.

त्याच्या कौतुकाचं बाकी थोडक्यात सांगतो कारण ते कुठेही मिळेल. तो रकमन होता. रकमन म्हणजे मध्यावर अंपायर चेंडू आपटायचा तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा. ते आडदांड गडी साधारण एवढंच करायचे आणि मग धापा टाकत उभे राहायचे, हा मात्र दिवसभर मैदानभर पळायचा, आणि त्या जागेचा अर्थच त्याने बदलला. 1991 ला ब्राउनलो मेडल, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम आणि सर्वात सचोटीने खेळणाऱ्या खेळाडूचं, अंपायर मतं देतात त्याचं. बाहेर वाढलेल्या, परदेशातून आणलेल्या खेळाडूला ते मिळणं तोवर कुणी स्वप्नातही बघितलं नव्हतं. क्लबचा सर्वोत्तम खेळाडू चार वेळा, त्यातले तीन 95, 96, 97, म्हणजे तिशी गाठता-गाठता आणि ओलांडून. एकूण 264 मॅचेस. आयरिश खेळाडूंतला हा आकडा 2023 पर्यंत कुणी ओलांडला नव्हता, मग जीलाँगच्या झॅक ट्युईने ओलांडला. आणि ट्युई, टाइग केनली, ही सगळी पोरं आयर्लंडहून इथे आली ती वाट आधी स्टाइन्सने तुडवून ठेवली म्हणून.

पण त्या 244 बद्दल मला एक सांगायचंय, जे त्याच्या चाहत्यांना कदाचित आवडणार नाही. 1993 ला स्वतःच्याच संघातल्या खेळाडूशी टक्कर होऊन त्याच्या बरगडीला जबर लागलं. डॉक्टरांच्या हिशेबाने काही आठवडे बाहेर. त्याने ऐकलं नाही, आणि कोचने सरावात सहकाऱ्याला त्याच्या अंगावर धडका मारायला लावून बघितलं, झेपतंय का. झेपलं म्हणे. खेळला. ही गोष्ट इथे अभिमानाने सांगतात, मीही पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. आता मला ती सांगताना अडखळायला होतं. डॅनी फ्रॉली, शेन टक, या खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत धडकांनी होणारा सीटीई नावाचा आजार सापडला. आज डोक्याला मार लागला की किमान बारा दिवस मैदानाबाहेर, कितीही मोठा खेळाडू असला तरी. माझी पोरगी खेळते, त्यामुळे हा नियम मला विक्रमापेक्षा मोलाचा वाटतो. दुखत असताना ग्राउंडवर जाण्यापेक्षा मला त्याचं लाज वाटत असताना ग्राउंडवर जाणं जास्त मोठं वाटतं, आणि ते त्याने बरगडीच्या सहा वर्षं आधीच करून दाखवलं होतं.

आणि लाजेचं काय करायचं हे त्याला कळलं होतं म्हणूनच, असं मला वाटतं, 1994 ला, अजून खेळत असतानाच, त्याने पॉल करी या दिग्दर्शक मित्राबरोबर रीच नावाची संस्था काढली. किशोरवयीन पोरापोरींसाठी. एका खोलीत गोल करून बसवायचं आणि बोलतं करायचं, घरात काय चाललंय, स्वतःबद्दल काय वाटतं, कशाची भीती वाटते. आता हे सगळीकडे ऐकू येतं, पण तेव्हाचा फुटबॉलर म्हणजे ओठ फुटला तरी थुंकून पुढे जाणारा गडी, आणि त्या काळात हा अवाढव्य माणूस शाळकरी पोरांसमोर बसून आपल्या सगळ्यात वाईट दिवसाबद्दल बोलायचा. त्या दिवशी स्क्रीनसमोर गणवेशातली पोरं का उभी होती ते मला फार उशिरा उमगलं.

दहावीतल्या मला अशा खोलीत कुणी बसवलं असतं तर? माहीत नाही. आमच्या पीटीच्या सरांनी बोलावलं असतं तरी बॅट चुलतभावाकडे गेली नसती कदाचित.

खेळ संपल्यावर बहुतेकांचं करिअर संपतं. हा खेळ तसा निर्दयच आहे, अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये कुठला क्लब तुमचं नाव पुकारेल त्या शहरात बॅग भरून जायचं, आणि मोसमाच्या शेवटी ऑफिसात बोलावून सांगतात की पुढच्या वर्षीच्या यादीत तुम्ही नाही. किती पोरं तर पाच-दहा मॅचेस खेळून परत गावाकडे. स्टाइन्सचं उलटं झालं, तो गेला आणि दहा वर्षांनी क्लबनेच त्याला हाक मारली. 2008 मध्ये मेलबर्न क्लबवर साधारण पन्नास लाख डॉलरचं कर्ज, संघ तळाला, क्लब टिकतो का नाही असं झालेलं. तो अध्यक्ष झाला. लोकांकडे हात पसरले, जेवणावळी घातल्या, झोळी फिरवली म्हणा ना, आणि दोन वर्षांत कर्ज फेडलं. पण मधेच, 2009 च्या जुलैमध्ये, त्याने जाहीर केलं की कॅन्सर झालाय. मेलानोमा. तो मेंदूपर्यंत गेला, एकामागून एक ऑपरेशन्स झाली, आणि हा डोक्याला टोपी घालून मॅचला हजर.

ती वर्षं सोन्याची नव्हती हेही लिहायला हवं. 2009 च्या मोसमात संघ मुद्दाम हरत होता का, म्हणजे तळाला राहिलं की ड्राफ्टमध्ये चांगली पोरं आधी मिळतात म्हणून, याची पुढे चौकशी झाली. मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही, पण कोच आणि एका अधिकाऱ्याला शिक्षा झाली आणि 2013 ला क्लबला 5 लाख डॉलर दंड. तेव्हा तो हयात नव्हता. आणि 30 जुलै 2011 ला जीलाँगने मेलबर्नला 186 गुणांनी हरवलं, इथे नुसतं वन-एटी-सिक्स म्हटलं तरी मेलबर्नवाल्यांचा चेहरा पडतो. दुसऱ्या दिवशी कोचला काढलं. त्या सगळ्याचा अध्यक्ष हा, मेंदूत गाठी घेऊन जगणारा. फेब्रुवारी 2012 ला त्याने पद सोडलं, 20 मार्चला गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता.

मी आलो आणि तो गेला यात एका महिन्याचं अंतर. मी त्याला खेळताना कधीच बघितलं नाही, तरी मी मेलबर्नचा झालो, त्या म्हातारबाबांच्या स्कार्फमुळे. 2021 ला आम्ही जिंकलो. हो, आम्हीच म्हणतो मी. 57 वर्षांनी. आणि नशीब बघा, लॉकडाउन, शहर कुलूपबंद, म्हणून ग्रँड फायनल सत्तावीसशे किलोमीटरच्या आसपास लांब पर्थला. त्याच आठवड्यात इथे भूकंपही झालेला. आम्ही तिघं सोफ्यावर, वरणभात पुढ्यात, 74 गुणांनी जिंकलो, आणि बाहेर जाऊन नाचायलाही परवानगी नाही म्हणून शेजारपाजारचे लोक आपापल्या दारात उभे राहून पातेली बडवत होते. मला त्या बाबांची आठवण आली. असतील का, बघितलं असेल का त्यांनी.

पोरगी तेव्हा सहा वर्षांची, तिला याच दिवशी फुटीचं वेड लागलं.

आणि मग 2023. वेव्हर्ली पार्क आता स्टेडियम राहिलेलं नाही. जुन्या स्टँडचा एक तुकडा आणि मधलं ओव्हल ठेवून भोवती सगळी घरं बांधली. त्या वस्तीत आमचे एक मित्र राहतात, गणपती त्यांच्याकडे असतो, दर वर्षी आम्ही जातो. त्या वर्षी चतुर्थी आली 19 सप्टेंबरला. मी कॅलेंडर बघून गप्पच झालो. तीनच दिवस आधी, 16 ला, बरासी गेले होते, सत्याऐंशी वर्षांचे, ज्यांनी त्या पोराला डब्लिनहून आणलं ते.

आरती झाली. घालीन लोटांगण झालं. घरात चाळीस माणसं, मोदकांचा वास, पोरांचा दंगा. मी चपला घालून बाहेर आलो आणि ओव्हलच्या कडेच्या फुटपाथवर गेलो. अंधारात ते स्टँड दिसत होतं. नेमकी जागा कुठली ते आता कसं कळणार, पण मला फक्त अंतर बघायचं होतं. इतकी वर्षं मी पंधरा मीटर, पंधरा मीटर म्हणतोय, पण ते पायांना किती वाटतं ते बघितलंच नव्हतं. एका विजेच्या खांबापासून मोठी ढांग टाकत चालायला लागलो.

मागून पोरगी आली, हातात प्रसादाची वाटी. "बाबा, काय करताय?"

"मोजतोय."

"काय?"

"पंधरा मीटर."

तिने वाटी कट्ट्यावर ठेवली, खांबापाशी गेली आणि स्वतःच्या पावलांनी मोजायला लागली. माझी सोळा भरली होती, तिची तेवीस झाली. माझ्याजवळ येऊन थांबली, मागे वळून खांबाकडे बघितलं.

"एवढंच?" ती म्हणाली.